यंत्र बिघडले की लाइन?

स्वयंपाकघरातल्या विजेच्या वस्तूंबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. उत्तरांत मल्टीमीटर (व्होल्टेज आणि तारेचा रोध, म्हणजे ओहम, मोजणारा मीटर) वारंवार येईल. साधा डिजिटल मीटर पुरतो, पण तो घरात हवाच. टेस्टरचा दिवा अगदी नगण्य करंटवरही लागतो, त्यामुळे फक्त टेस्टर पाहून निदान करू नका. कोणतीही वस्तू उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसता खटका बंद करून भागत नाही. गावातल्या जुन्या बोर्डांवर खटका न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) बसवलेला बऱ्याचदा सापडतो. तिथे खटका बंद केला तरी वस्तूच्या आत फेज (करंट आणणारी तार) जिवंतच असतो.

प्रश्न: फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात असं काही नव्हतं, एप्रिलपासून सुरू झालं. प्लास्टिकच्या चपला घातल्या की लागत नाही. मेकॅनिक म्हणतो फ्रीज चांगला आहे. मग करंट येतो कुठून?
(एक वाचक भगिनी, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर: ताई, अर्धे उत्तर तुम्ही लिहिलेल्या महिन्यातच आहे. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते, ओल धरते आणि अर्थिंगच्या पाइपला घट्ट बिलगते. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि पाइपभोवती पोकळी तयार होते. पाइप जागेवर असतो, हिरवी वायरही जोडलेली असते, फक्त मातीशी संबंध उरत नाही.

घरातल्या सगळ्या थ्री-पिन वस्तूंचे पत्रे या हिरव्या वायरने एकमेकांशी जोडलेले असतात. वायर जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर एका वस्तूची गळती सगळ्यांच्या अंगावर येते. म्हणजे दोष ओल धरलेल्या किटलीत किंवा गिझरमध्ये असतो आणि झिणझिण्या फ्रीजला येतात. तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे खरे असू शकते.

मीटर एसी व्होल्टच्या ७५० वर ठेवा आणि फ्रीजच्या सॉकेटवर तीन मापे घ्या. सॉकेटकडे तोंड करून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवे. फेज ते अर्थही जवळपास तेवढेच हवे. न्यूट्रल ते अर्थ ० ते ५ व्होल्ट असेल तर ठीक. फेज ते अर्थ ६०, ९०, १२० असा आकडा भटकत असेल तर अर्थ तुटलेला आहे. पण आकडा २२५ आला म्हणून अर्थ मजबूत आहे असेही धरू नका. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, कोरड्या मातीतूनही तो आकडा दाखवतो. खरी परीक्षा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब लावून होते: पूर्ण प्रकाश पडला तर अर्थ जवळपास अर्धा अँपिअर वाहून नेतो, मंद लागला तर नाही. ही चाचणी घरी करू नका. अर्थ कमजोर असेल तर त्या क्षणी घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो. वायरमनकडून, सगळे प्लग काढून आणि अर्थच्या वायरपासून सर्वांना दूर ठेवूनच ती करून घ्या. आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारा खटका) असेल तर या चाचणीत तो पडेल. तो दोष नव्हे, त्याचे कामच ते आहे.

दुरुस्तीत आधी पाइपवरचा नट-बोल्ट पाहा. तो गंजलेला निघण्याची शक्यता मोठी. पॉलिश पेपरने घासून, नवा जस्ताचा नट-वॉशर लावून घट्ट करा. मग भेगा मुरूम न टाकता बारीक मातीने बुजवा आणि मार्च ते जून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. नवे अर्थिंग करायचे असेल तर सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप उभा गाडून भोवती कोळसा आणि मिठाचे आळीपाळीने थर द्यावेत. वर नरसाळे बसवा, म्हणजे ओतलेले पाणी खालपर्यंत जाते. न्हाणीचे किंवा भांडी घासण्याचे पाणी ज्या बाजूला वाहते तिथे जागा निवडली तर उन्हाळाभर ओल आपोआप राहते.

अर्थ सुधारल्यावर गळती कुठल्या वस्तूची आहे ते शोधा, नाहीतर दोष झाकला जाईल. सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा.

एक गोष्ट कोणी सुचवली तरी करू देऊ नका: सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला तुकड्याने जोडणे. झिणझिण्या लगेच थांबतात, म्हणून हा उपाय गावोगाव चालतो. पण ज्या दिवशी न्यूट्रल खांबावर किंवा घराच्या वीजमीटरपाशी सुटेल, त्या दिवशी घरातल्या एखाद्या वस्तूतून आलेला पूरा २३० व्होल्ट फ्रीजच्या पत्र्यावर असेल. त्यापेक्षा मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा खटका) वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी.

प्रश्न: ७५० वॅटचं मिक्सर आहे. मुगवड्यांची डाळ वाटताना किंवा वाळलेली मिरची फिरवताना मधेच बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालतं. आता जळका वास येतो आणि खालच्या जाळीतून ठिणग्या दिसतात. मोटर भरून घ्यावी का?
(वाचक, भिवापूर, जि. नागपूर)

उत्तर: मोटर भरायला (तारेची गुंडाळी नव्याने करायला) देण्याआधी भांडे तपासा. मिक्सरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त दुर्लक्ष भांड्याकडे होते. भांडे उलटे करून खालची चकती बोटाने फिरवा, ती हलकी आणि सलग फिरली पाहिजे. जड जात असेल किंवा अडखळत असेल तर बुशमध्ये (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) मसाला आणि डाळीचे पीठ जाऊन सुकले आहे. अशा भांड्यात मोटरची ताकद दळण्याआधीच खर्च होते. बुश झिजून सील गेले असेल तर तिथून पाणी थेट मोटरमध्ये उतरते. भांड्याखाली ओल दिसत असेल तर बुश, सील आणि पाते एकत्रच बदला.

मग मिक्सर भांडे न लावता चालवा. रिकामे नीट गुणगुणले, वास नाही, ठिणग्या बारीक निळसर आणि फक्त कार्बन ब्रशच्या (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या कांड्यांच्या) टोकाशी, तर मोटर अजून चांगली आहे आणि त्रास ओझ्याचा आहे. भिजवलेली डाळ भांड्याच्या अर्ध्याहून कमी भरा. वाळलेली मिरची आधी उन्हात कडक करा, देठ काढा आणि थोडी थोडी घाला. सलग दोन-तीन मिनिटांहून जास्त चालवू नका. मधे बंद पडते ते तळाच्या ओव्हरलोड खटक्यामुळे, बहुधा तिथे लाल बटन असते. ते पाच-दहा मिनिटे थांबूनच दाबा. पुन्हा पुन्हा दाबून काम रेटले की वायंडिंगचे, म्हणजे गुंडाळीचे, वार्निश जळते, आणि तुम्हाला येणारा वास त्याचाच असण्याची शक्यता आहे.

यात लाइनचाही वाटा आहे. संध्याकाळी गावात कुलर आणि पंप सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येते. मिक्सरची मोटर त्याच्याच पंख्याने थंड होते. व्होल्टेज कमी की फेरे कमी, फेरे कमी की हवा कमी, आणि पाते डाळीत रुतल्याने करंट मात्र जास्त. म्हणून वाळवणाचे वाटण सकाळी लवकर करून घेणे मोटरच्या आयुष्यासाठी खरोखर चांगले.

ठिणग्यांसाठी कार्बन ब्रश काढून पाहा. तळाचे स्क्रू काढले की मोटरच्या दोन्ही बाजूंना ते दिसतात. ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील, एक बाजू तुटली असेल किंवा स्प्रिंग काळी पडून ढिली झाली असेल तर दोन्ही एकदम बदला, एकच कधी बदलू नका. आर्मेचरवरचा (मोटरच्या फिरत्या भागावरचा) तांब्याचा गोल, म्हणजे कम्युटेटर, काळा पडला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासा. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकतात. फटींतला कार्बन लाकडी काडीने काढा. नवे ब्रश घातल्यावर मिक्सर दोन-तीन मिनिटे रिकामे चालवा, म्हणजे ब्रशचे तोंड गोलाला जुळते.

ठिणग्यांची सलग कडी पूर्ण गोलाभोवती फिरत असेल तर आर्मेचर गेले आहे. खात्री करायला मीटर २०० ओहमवर ठेवून शेजारशेजारच्या पट्ट्या जोडीने मोजा. सगळ्या जोड्यांचा आकडा सारखा हवा. एखादी जोडी फार वेगळी निघाली, किंवा कोणतीही पट्टी मधल्या दांड्याशी आकडा दाखवू लागली, तर ब्रश बदलून पैसे वाया जातील. तेव्हा नवे आर्मेचर घ्या किंवा भरून घ्या.

ज्यांच्या मिक्सरची मोटर फिरते पण पाते फिरत नाही, त्यांचा वरचा कपलर (भांड्याची चकती फिरवणारा भाग) तुटलेला असतो. काढताना लक्षात ठेवा, बऱ्याच मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी खारट. स्टीलची १५०० वॅटची किटली घेतली, वर्षभरात पाणी उकळायच्या आधीच बंद व्हायला लागली. पावसाळ्यात तर किटली लावली की आरसीसीबीच पडतो.
(वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर: खारपाणपट्ट्यातून आलेले हे तिसरे पत्र, म्हणून जरा सविस्तर. यात दोन वेगळे दोष आहेत.

पहिला क्षारांचा. किटलीच्या तळावर पांढरी खपली बसते, तळाची उष्णता पाण्यात जात नाही आणि तळ स्वतःच तापतो. किटली कोरडी पडली तर बंद करणारी द्विधातूची पट्टी तळालाच चिकटलेली असते. तिला वाटते पाणी संपले, आणि ती करंट तोडते. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे निंबूसत घालून उकळा, अर्धा तास ठेवा, ओता, आणि साधे पाणी दोनदा उकळून टाका. तुमच्या पाण्याला हे महिन्यातून दोनदा लागेल. सुरीने खरवडू नका. आरओचे पाणी वापरलेत तर हा त्रास जवळजवळ संपतो.

दुसरा दोष ओलाव्याचा. हीटरच्या नळीत तार आणि पत्र्यामध्ये पांढरी मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीच्या टोकाचे सील तडकले की ही पूड हवेतली ओल शोषते आणि करंट पत्र्यावर गळू लागतो. आरसीसीबी नेमके हेच पकडतो. त्यामुळे तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मोजायचे असे. किटली बेसवरून काढून उलटी करा, खटका चालू स्थितीत ठेवा आणि मधल्या जोडणीतल्या फेज-न्यूट्रलच्या टोकांमध्ये ओहम मोजा. हीटरचे ओहम काढायचे सूत्र सोपे आहे: २३० गुणिले २३०, भागिले वॅट. १५०० वॅटला ३५ ओहम येतात, १००० ला ५३, २००० ला साधारण २६. थंड असताना आकडा किंचित कमी येतो, ते ठीक. काहीच आकडा आला नाही तर तार, थर्मोस्टॅट किंवा खटका उघडा पडला आहे. नंतर मीटर २० मेगाओहमवर ठेवून त्याच टोकांपैकी एक आणि स्टीलचा पत्रा यांमध्ये मोजा. आकडा आला तर गळती आहे. न आला तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका, मीटर फार कमी व्होल्टवर मोजतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर (जास्त व्होल्ट देऊन गळती मोजणाऱ्या यंत्रावर) किमान १ मेगाओहम मिळाला तरच किटली सुरक्षित म्हणता येते, आणि मेगर दुरुस्तीवाल्याकडे असतो.

कडक उन्हात दोन दिवस वाळवून गळती गेली तर ओलच होती. पण सील तडकलेले राहते, पुढच्या पावसात ती परत येईल. किटलीचा तळ आणि हीटर एकसंध असतो, त्यामुळे अशी किटली बदलणेच योग्य.

प्रश्न: राइस कुकर पाणी असतानाच वॉर्मवर उडी मारतो, तांदूळ कच्चा राहतो. आणि शेजारच्यांचा तर अचानक पूर्ण बंद पडला, दिवासुद्धा लागत नाही.
(वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर: कुकरच्या मध्यभागी स्प्रिंगवर एक गोल चुंबक असतो. पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी आटले की तापमान काही अंशांनी चढते, चुंबकाची ओढ संपते आणि खटका खाली पडतो. तुमच्या कुकरमध्ये तो आधीच पडतो, म्हणजे तिथे जागेवरच जास्त उष्णता होते. भांड्याखाली शिताचा दाणा अडकला आहे का, भांड्याचा तळ पोचला आहे का, तव्यावर करपलेला थर आहे का ते पाहा. सपाट फरशीवर भांडे पालथे घालून तळाशी सरळ पट्टी धरली की पोचा लगेच कळतो. बहुतेक वेळा एवढ्यानेच कुकर सुधारतो.

पूर्ण बंद पडलेल्या कुकरमध्ये थर्मल फ्यूज गेला असण्याची शक्यता मोठी. पांढऱ्या काचतंतूंच्या नळीत तो लपलेला असतो. दोन्ही टोकांत मीटरने बीप आला नाही तर गेला. त्याच अंशांचा आणि त्याच अँपिअरचा घ्या, आकडे त्याच्या अंगावर छापलेले असतात. डाग देऊन जोडू नका, सोल्डरच्या उष्णतेनेच नवा उडतो. पितळी नळी दाबून जोडा. तार थेट जोडून कुकर चालवणे म्हणजे पाणी आटल्यावर तो तापतच राहण्याची सोय करणे.

प्रश्न: रात्री एकाएकी बल्ब लखलखले, काही घरांत उलट मिणमिणले. आमचं इंडक्शन आणि फ्रीजचं स्टॅबिलायझर गेलं. इंडक्शनचा फ्यूज बदलला तर तोही फाटकन उडाला.
(वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर: हा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार. डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तो सुटला की दोन फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटले जातात. ज्या घरी लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. म्हणून तुमच्याकडे लखलखाट आणि समोरच्या घरात अंधुक. असे दिसताच दुसरे काही न करता मेन बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. चालू करण्याआधी वीजमीटरपाशी व्होल्टेज मोजा. घरगुती पुरवठा २३० च्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ असायला हवा. वारंवार होत असेल तर मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेज तोडणारा रिले बसवा. स्टॅबिलायझर ४०० व्होल्टपुढे टिकत नाही.

तुमच्या इंडक्शनमध्ये फ्यूज उडाला तो परिणाम आहे. कारण पुढे आहे: निळी गोल चकती, म्हणजे जादा व्होल्टेज अंगावर घेणारा एमओव्ही, फुटली असेल, तसेच ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग) आणि आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट असेल. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी राहू शकते. म्हणून काही मिनिटे थांबा, डीसीवर मोजून शून्य पाहा, मगच हात घाला. आयजीबीटीच्या कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही बाजूंनी बीप येत असेल तर तो गेला.

नवे भाग घातल्यावर थेट लाइनवर लावू नका, सिरीज बोर्ड वापरा. फेजच्या वायरमध्ये १०० वॅटच्या तारेच्या बल्बचे होल्डर आणि पुढे सॉकेट, एवढाच हा बोर्ड. एलईडी बल्ब इथे चालत नाही. शॉर्ट असला तरी करंट ०.४३ अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे भाग वाचतात. इंडक्शन लावताच बल्ब क्षणभर चमकून विझला तर पॉवरची बाजू ठीक. पूर्ण पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे. मात्र किटली, कुकर, शेगडी अशा हीटरवर ही चाचणी फसवते. हीटरचे ३५ ओहम बल्बच्या ५२९ ओहमपुढे काहीच नाहीत, चांगल्या हीटरवरही बल्ब पूर्ण पेटतो. तिथे ओहमच मोजा.

इंडक्शन उघडलेच आहे तर आतली झुरळे आणि पंख्यातली धूळ ब्रशने साफ करा. झुरळांच्या विष्ठेने सर्किटच्या प्लेटवर शॉर्ट होतो.

प्रश्न: फ्रीज दर दोन-तीन मिनिटांनी ‘गुंऽऽ’ करतो, ‘टक’ होऊन थांबतो. कॉम्प्रेसर गेला म्हणतात. आणि इंडक्शनचा प्लग हात लावता येणार नाही एवढा तापतो.
(वाचक, देवळी, जि. वर्धा)

उत्तर: दोन्हींचे मूळ एकच असू शकते. फ्रीज ज्या सॉकेटवर आहे तिथे आधी व्होल्टेज मोजा, आणि ‘गुंऽऽ’ चालू असताना पुन्हा मोजा. २१० वरून १६० वर घसरत असेल तर कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी वायर पाहा. त्याच वेळी वीजमीटरपाशीही १६० असेल तर दोष बाहेरचा. वीजमीटरपाशी २०५ आणि सॉकेटवर १६० असेल तर घरातला एखादा जोड ढिला आहे.

व्होल्टेज घसरत नसेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूचा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) काढून हलवा. आत काहीतरी खुळखुळत असेल तर रिले फुटला आहे, हा स्वस्त भाग आहे. मग कॉम्प्रेसरच्या तीन पिन मोजा. दोन छोट्या आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी यावी, उदाहरणार्थ १२ आणि १८ असतील तर तिसरा ३०. बेरीज जुळली, पिन आणि पत्र्यात काहीच आकडा आला नाही आणि रिले नवा घातला तरी तेच, तर कॉम्प्रेसर जाम आहे. लाइन गेल्यावर लगेच आली की फ्रीज दोन-तीन वेळा ‘टक’ करतोच. त्यासाठी तीन मिनिटे उशिरा चालू करणारा स्टॅबिलायझर घ्या.

इंडक्शन २००० वॅटचे असेल तर जवळपास ९ अँपिअर घेते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर पिन बदलून किंवा एक्स्टेंशनवर ते चालवू नका. १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तिच्यासाठी वेगळा एमसीबी हवा. पिन तपकिरी पडली असेल तर फक्त प्लग बदलून चालणार नाही. तापलेल्या सॉकेटची आतली पितळी पकड ढिली झालेली असते आणि ती नवा प्लगही आठवड्याभरात जाळते. दोन्ही एकदम बदला, आणि सॉकेटमागच्या वायरचा काळा पडलेला तुकडा कापून ताज्या तांब्यावर स्क्रू आवळा.